ब्रेकमधली हवा

१४ नोव्हेंबर

खटपट्या,

अकरा वर्षांनी ताईचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात तेवढंच. बाकी ती तुला-मला पुरून उरेल.

कारण वेगळंच आहे. मी गाडी घेतली. जुनी, डिझेलची, एकोणीस वर्षांची. आमच्या लॅबच्या मागच्या गल्लीत जनावरांचे डॉक्टर होते ना, त्यांनी दवाखाना बंद केला आणि मुलीकडे राहायला गेले. जाताना त्यांनी गाडी माझ्या गळ्यात मारली असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे मीच तीनदा जाऊन विचारलं होतं. मागच्या सीटला अजून कुत्र्यांच्या औषधाचा वास येतो आणि डाव्या दाराची आतली बाजू कुणीतरी भेदरून ओरबाडली आहे.

लॅब गावाबाहेर हलतेय, तिकडे बस धड नाही, म्हणून गाडी. एवढंच.

गाडी म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढे काय उभं राहिलं असेल ते मला कळतं. तू ब्रेकचं काम केलंस, दुसऱ्या दिवशी मी बाबांना शेजारी बसवून निघाले, आणि वळणावर ब्रेक लागला नाही. जगजाहीर गोष्ट मी पुन्हा कशाला लिहितेय कोण जाणे. त्या दिवसानंतर मी स्टीअरिंगला हात लावला नव्हता. परवा लावला. गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि उलटी आणली.

गाडीचं काम मी स्वतःच करणार आहे. गावातल्या कुठल्याही गॅरेजात पाऊल ठेवायला मन घेत नाही. तुझ्या गॅरेजच्या जागी आता फरश्यांचं दुकान आहे. गाडीबरोबर एक जाडजूड पुस्तक मिळालंय, आणि तू कामं करताना जी बडबड करायचास ती निम्मी माझ्या डोक्यात आहे.

पहिलं काम ऑइल बदलण्याचं. गाडीखाली उताणी पडून खालचा बोल्ट वीस मिनिटं आवळत होते. सोडवतेय असं मला वाटत होतं. खालून उजवं-डावं उलटं होतं हे पन्नाशीला आलेल्या बाईच्या लक्षात यायला आईला दारातून ओरडावं लागलं. सुटला तेव्हा ऑइल हातावरून कोपरापर्यंत आलं. नवं घातलं, इंजिन पाच मिनिटं चालवलं, दांडी ओढून पाहिली तर पुन्हा काळंकुट्ट. दांडी पुसून पुन्हा ओढली, तेच. मग तुझंच बोलणं आठवलं, की डिझेलच्या गाडीचं ऑइल पहिल्याच दिवशी काळं होतं, त्यावरून इंजिनाची परीक्षा करू नये.

फोन तू माझा उचलत नाहीस, म्हणून पत्र. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

ताई


२३ नोव्हेंबर

खटपट्या,

काल डिझेलचा फिल्टर बदलला आणि गाडी मेली.

म्हणजे आधी चालू झाली. दहा सेकंद छान चालली, मी आईकडे बघून हसलेसुद्धा, आणि मग खोकला आल्यासारखी आचके देऊन बंद. पुन्हा सेल्फ मारला, पुन्हा मारला, बॅटरी रडायला लागली. पुस्तक उघडलं. नवा फिल्टर डिझेलने भरून मग बसवायचा होता. मी कोरडाच बसवला. लाइनीत हवा शिरली.

आता तूच सांग, हे माझ्यासारखीला कळू नये? मी दिवसभर रक्ताच्या नळ्या हाताळते. नळीत एवढासा बुडबुडा राहिला तर माणसाचा आकडा बदलतो आणि निरोगी माणूस रात्रभर जागा राहतो. पंचवीस वर्षं बुडबुडे शोधतेय आणि स्वतःच्या अंगणात एवढा मोठा दिसला नाही.

फिल्टरच्या डोक्यावरचा हातपंप दाबत बसले. वरचा स्क्रू थोडा सैल केला की आधी फेस येतो, मग फुसफुस, मग निखळ डिझेल. मग स्क्रू बंद. अंगठा बधिर झाला. आई खुर्ची घेऊन शेजारी बसली होती. मध्येच म्हणाली, तो असता तर दोन मिनिटांत झालं असतं. मी पंप दाबत राहिले. ती उठून आत गेली आणि तासभर बाहेर आली नाही.

महिन्यातून एकदा तुझा तिला फोन येतो तेव्हा मी खोलीबाहेर जाते, हे तुला ठाऊक नसेल. जाते म्हणजे दाराबाहेर उभी राहते.

गाडी चालू झाली, शेवटी. जुन्या फिल्टरच्या तळाशी वाटीभर पाणी निघालं. जनावरांच्या डॉक्टरांनी बहुधा घेतल्यापासून बदलला नव्हता.

ताई


६ डिसेंबर

सकाळी गारठा वाढलाय आणि गाडी उठायला मागत नाही. किल्ली फिरवते, स्टीअरिंगपुढचा वेटोळ्याच्या खुणेचा दिवा लागतो, विझेपर्यंत थांबते, मग सेल्फ. धडधड, पांढऱ्या धुराचा लोट, शेजारीण खिडकी लावून घेते. गार इंजिन आतून तापवणारे हीटर प्लग गेलेत असं पुस्तक म्हणतं. टेस्टरचा दिवा लावून पाहिला, चारातले दोन मेलेले.

एक निघाला. दुसरा हलेना. मी पान्यावर पाय देऊन वजन टाकलं. तेव्हा तो थोडा वळला, पण फिरला नाही, पीळ पडल्यासारखा वळला. हाताला कळलं आणि मी सोडून दिलं. तेव्हापासून अस्वस्थ आहे. तसाच ठेवला तर थंडीत चालू होत नाही, जोर केला तर आत तुटतो आणि मग इंजिनाचं अख्खं डोकं उतरवावं लागतं. पुस्तकात याच्यावर दोन ओळी आहेत, दोन्ही बिनकामाच्या.

तू एक ओळ तरी लिही. शिवी लिही. तीन आठवडे मी पेटीत पत्र टाकतेय आणि पोस्टमन आला की लहान मुलासारखी दाराकडे बघतेय. लॅबमध्ये परवा एका बाईच्या नळीवर दुसरीचं नाव चिकटवलं. वेळेत लक्षात आलं. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन दिवस सुट्टी घ्या. सुट्टी घेऊन मी काय करू? गाडीखाली पडले.

आणि एक. लॅब कुठेही हललेली नाही. जिथे होती तिथेच आहे, बस दारात थांबते. ते मी उगाच लिहिलं होतं.

ताई


१९ डिसेंबर

खटपट्या,

वहिनीचं पोस्टकार्ड आलं. तिने तुला विचारून लिहिलं की न विचारता, ते माहीत नाही. चार ओळी आहेत. "तुमची पत्रं मिळतात. हे वाचतात, काही बोलत नाहीत. हीटर प्लगचं वाचून मात्र म्हणाले, तिला सांग, इंजिन चांगलं तापवून मग सोडव, गार असताना हात लावू नको. आईंना नमस्कार."

मी ते कार्ड लॅबच्या कोटाच्या खिशात घालून फिरले. तापवलं इंजिन. प्लगच्या आट्यांवर तेल सोडलं, थांबले, पुन्हा तापवलं. चौथ्या खेपेला प्लग असा सुटला की मी मागे पडले.

आता गाडी पहिल्या हाकेला उठते.

नवे प्लग आणायला स्पेअर पार्टच्या दुकानात गेले होते. तोच म्हातारा बसतो अजून, चष्मा कपाळावर. मला ओळखून म्हणाला, तुमच्या भावासारखा कान पुन्हा कुणाला आला नाही. रस्त्यावरून गाडी गेली तरी कुठला इंजेक्टर अडतोय ते सांगायचा. मग म्हणाला, एका कामात माती खाल्ली आणि सगळं गेलं बिचाऱ्याचं. मी प्लग घेतले. सुटे पैसे तिथेच विसरले, त्याने रस्त्यापर्यंत येऊन दिले.

कार्डाच्या कडेला वहिनीने बारीक अक्षरात हेही लिहिलंय की पाण्याच्या पंपघरातल्या नोकरीत तू फक्त मोटारी चालू-बंद करतोस, आणि त्या बिघडल्या तर बाहेरून माणूस बोलावतोस. स्वतः पाना हातात घेत नाहीस. सायकलचासुद्धा नाही.

हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं, तू रागावून गाव सोडलंस. राग असता तर बरं होतं.

ब्रेकचं काम अजून केलेलं नाही. ब्रेक ऑइल चहासारखं काळपट झालंय, बदलायला हवं. उद्या करते, परवा करते, चाललंय.

ताई


४ जानेवारी

खटपट्या,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितेय. पहिली दोन चांगली जमली होती म्हणून फाडली.

गेल्या रविवारी ब्रेक केले. ते एकट्याने होत नाही. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी निपल सैल करून हवा काढायची. दुसरं कुणी नव्हतं. आईला हाताला धरून ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, पाठीला उशी दिली. लॅबमधली पारदर्शक नळी निपलला लावली, टोक बाटलीत. मी खालून सांगायची, दाब, धर, सोड. ती दाबायची. काळं ऑइल यायचं, मग बुडबुडे, मग पिवळं स्वच्छ. मागची दोन चाकं झाली, पुढचं डावं झालं. आई एकदाही चुकली नाही. मी सांगायच्या आधीच तिचा पाय थांबत होता.

शेवटच्या चाकाला ती वरून म्हणाली, "आता झालं. दगडासारखं लागतंय. त्या दिवशीही असंच लागलं होतं."

मी खालूनच विचारलं, कुठल्या दिवशी.

"त्याने मलाच बसवलं होतं की. दाब, धर, सोड. तीनदा सगळी चाकं केली त्याने. मी म्हटलं, पुरे रे, पाय दुखला. तर म्हणाला, बाबा बसणार आहेत, अजून एकदा."

मी गाडीखालून बाहेर आले. ती समोर काचेतून भिंतीकडे बघत होती, पाय पेडलवरच.

मी विचारलं, "मग अकरा वर्षांत बोलली का नाहीस?"

"तू बोललीस?"

मला वाटलं होतं हे फक्त मला ठाऊक आहे. तिने सगळं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एवढंच मला म्हणाली, "दोन्ही पोरं माझीच. त्या अपघातानंतर तुझे बाबा अंथरुणात, त्यांचं सगळं तुझ्या हातात. तुझं नाव बाहेर आलं असतं तर ते तुझ्या हातचं पाणी प्यायले नसते. तो पुरुषमाणूस, कुठेही जाऊन पोट भरेल असं मी धरून चालले. पोट भरलं त्याचं. बाकीचा हिशेब मी केलाच नाही."

मग तिने मला हात धरून उतरवायला सांगितलं.

आता माझं ऐक. मधे थांबू नकोस.

ब्रेक निकामी झाला नव्हता. मी ब्रेकला पायच लावला नाही. मला झोप लागली होती. आदल्या दिवशी लॅबमधली एक जण आली नाही म्हणून मी दोन पाळ्या केल्या होत्या, सकाळी तशीच बाबांना डोळे तपासायला घेऊन गेले. येताना ऊन खिडकीतून मांडीवर पडत होतं. बाबाही पेंगत होते. रस्ता सरळ, वळण पुढे होतं. जाग आली तेव्हा पुलाचा कठडा काचेत होता आणि माझा पाय अजून ॲक्सिलरेटरवर होता.

लोक जमले. एक ट्रकवाला खिडकीतून आत डोकावला आणि म्हणाला, ब्रेक लागला नाही का बाई? बाबा शेजारी ओरडत होते. मी मान हलवली. मी एकही शब्द बोलले नाही, फक्त मान हलवली. बाकी सगळं लोकांनी बोलून पुरं केलं.

उद्या सांगू, असं ठरवलं होतं. शप्पथ. पण त्या संध्याकाळी तू दवाखान्यात आलास, हाताला ग्रीस तसंच, आणि बाबा सगळ्यांसमोर तुला म्हणाले, हा हात पुन्हा माझ्या वस्तूला लावू नकोस. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. तू माझ्याकडे पाहिलंस. तुला वाटलं असेल मी घाबरलेय म्हणून गप्प आहे.

आणि याहून वाईट आहे ते. तू म्हणालास, गाडी कुठे आहे, मला एकदा बघू द्या, ब्रेकचा मास्टर सिलिंडर उघडून बघतो. तुला सांगण्यात आलं की गाडी भंगारवाल्याने उचलली. कुणी दिली, हे तू कधी विचारलं नाहीस. मी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळीच, तू यायच्या आत. तू बघितलं असतंस तर पाच मिनिटांत तुला कळलं असतं.

बाबा तीन वर्षांनी गेले तेव्हा तू आलास, आईजवळ बसलास आणि माझ्याशी न बोलता परत गेलास. मी मनात म्हटलं, सुटले. असं म्हणणारी बाई आहे मी.

तुझ्या हातात काही खोट नव्हती. कधीच नव्हती. हे लिहायला मला एक जुनी गाडी घ्यावी लागली, कारण नुसतं कागदावर लिहायचं मी अकरा वर्षं टाळू शकले, पण गाडीच्या चाकापाशी बसून टाळता येईना. मला वाटतं मी ती त्यासाठीच घेतली. की आईला तुझ्याकडे आणायला, तिला बसमध्ये सहा तास बसवत नाही म्हणून? खरंच सांगता येत नाही. दोन्ही असेल.

माफ कर असं लिहीत नाही. ते मागायला आधी काहीतरी करायला हवं.

ताई


१२ जानेवारी

खटपट्या,

काकांकडे गेले होते. गावभर सांगणारे तेच होते, म्हणून सुरुवात तिथून. ऐकून घेतलं, मग म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची, आता उघडून काय मिळणार? मी म्हटलं, मूठ माझी होती आणि मार त्याला बसला. काकू आतून आली, माझ्यापुढचा चहाचा कप उचलून घेऊन गेली. मी तो अजून प्यायले नव्हते.

मग स्पेअर पार्टवाला. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोरच सांगितलं. म्हाताऱ्याने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी माझ्या हाताने चार गाड्या त्याच्या गॅरेजातून काढून दुसरीकडे पाठवल्या होत्या." बराच वेळ काउंटरवरचे वायसर एका डबीतून दुसरीत टाकत बसला. निघताना म्हणाला, पत्र लिहाल तर माझंही लिहा. लिहिलं.

लॅबमध्ये सांगितलं. तिथे कुणाला काय घेणंदेणं, पण सांगितलं. आता थांबताच येत नाही, किराणावाल्यालाही सांगेन की काय अशी भीती वाटते.

तुझ्याकडून काहीच नाही. वहिनीचंही नाही.

मी पंचवीस तारखेला, रविवारी, आईला घेऊन येतेय. तुला नको असेल तर तिला फोन करून सांग, मी गाडी काढणार नाही. टायमिंग बेल्ट मात्र मी केला नाही. कधी बदललाय त्याची नोंद नव्हती आणि तो तुटला तर इंजिनच संपतं. शेजारच्या गावातल्या मिस्त्रीकडून करून घेतला, आणि तो करत होता तोवर स्टुलावर बसून बघत राहिले. नीट केला. आई बसणार आहे.

ताई


२६ जानेवारी

खटपट्या,

काल जे झालं ते तू पाहिलंस, तरी माझ्या बाजूने लिहिते.

फोन आला नाही म्हणून निघालो. पहाटे नाही, चांगली आठ तास झोप काढून, सूर्य वर आल्यावर. आई सगळ्या वाटेत दोनदाच बोलली. एकदा म्हणाली काच वर कर. दुसऱ्यांदा, तुमच्या कॉलनीच्या पाटीपाशी, म्हणाली, "त्याने मला आत घेतलं नाही तर मी पायरीवर बसेन, तू मला परत नेऊ नकोस."

तू दारातच होतास. केस पांढरे झालेत तुझे. तू माझ्याकडे न बघता आईचं दार उघडलंस, तिला दोन्ही हातांनी उतरवलंस आणि आत नेलंस. तिने पायरीवर काहीतरी म्हटलं, मला ऐकू आलं नाही. तू तिथेच थांबलास, मग खाली मान घालून तिच्या खांद्यावर डोकं ठेवलंस. मी स्टीअरिंगकडे बघत राहिले.

एक तास मी गाडीतच होते. वहिनी पाणी घेऊन आली. ती म्हणाली, चार तारखेचं पत्र वाचून तू पंपघरात गेलास ते दुसऱ्या दिवशी दुपारी आलास, आणि त्यानंतर आठवडाभर घरात कुणाशी बोलला नाहीस. ती रागावलेली होती माझ्यावर. तरी पाणी आणलं.

मग तू आलास. गाडीभोवती एक फेरी मारलीस. पुढच्या उजव्या चाकापाशी वाकून आत बोट घातलंस, बोट कोरडं आहे का पाहिलंस. मग माझ्या खिडकीशी उभा राहिलास.

"किती वेळ झोप लागली होती?"

मी म्हटलं, वीस सेकंद असतील. कमीही असतील.

"बाबांना कधी कळलं?"

"नाही कळलं."

तू रस्त्याकडे बघत उभा राहिलास. एक सायकलवाला गेला, त्याने तुला हात केला, तू केला नाहीस. मला वाटलं आता मारशील. मार, असंही वाटलं.

तू म्हणालास, आई इथेच राहील. मी हो म्हटलं. तू म्हणालास, तू आत येऊ नकोस. मी हो म्हटलं. तिची पिशवी डिकीतून काढून दिली, गुडघ्याच्या गोळ्या जेवणानंतर द्यायच्या हे सांगितलं. इंजिन चालू केलं. तू अजून तिथेच होतास, मान तिरकी करून. तुला आवाज ऐकल्याशिवाय राहवत नाही हे मी विसरले होते. मी क्लच दाबला तेव्हा तू खिडकीच्या काचेवर बोट वाजवलंस.

"दर तासाला थांब. डुलकी येवो न येवो. खाली उतर, तोंड धू, मगच पुढे."

मी मान हलवली. मग म्हटलं, मान हलवून भागायचं नाही, आणि तोंडाने सांगितलं, थांबेन.

थांबले. पहिला तास पुरा झाला तेव्हा मला झोपेचा लवलेश नव्हता, रस्ता मोकळा होता, तरी गाडी कडेला घेतली, उतरले, बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं. दुसऱ्यांदा एका पेट्रोल पंपावर. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा मात्र बॉनेटला टेकून इतका वेळ रडले की एक ट्रॅक्टरवाला विचारायला थांबला, गाडी बंद पडलीय का? मी सांगितलं, नाही, गाडी ठणठणीत आहे.

घरात आईची खुर्ची आहे, आई नाही. हे असंच व्हायला हवं होतं, त्याबद्दल मी तक्रार करणार नाही. तिला रात्री पायावर दोन पांघरुणं लागतात, मागायची नाही ती.

पाच वेळा थांबून, तोंड धुऊन, रात्री घरी पोचले. एवढंच कळवायचं होतं.

ताई